रश्शात गेलेले गुडघे

माझ्या आईने आमचं संशोधन शिजवलं, आणि त्याबद्दल मी तिची जन्मभर ऋणी राहीन. त्या रविवारी चर्चमधून येऊन फ्रीज उघडला तेव्हा मात्र मी हे म्हणाले नव्हते. तेव्हा जे म्हणाले ते ऐकून जेवायला आलेल्या पाळकसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

फ्रीजमध्ये शेळ्यांचे गुडघे होते, ते नाहीसे झाले होते. मी जनावरांची सर्जन. नगरजवळच्या एका संशोधन केंद्रात आम्हाला एक औषध शेळ्यांवर तपासायचं होतं. हाडाच्या टोकावर जो गुळगुळीत पांढरा थर असतो, ती कूर्चा. ती झिजली तर हे औषध भरून आणतं का, एवढाच प्रश्न. त्यासाठी आधी कूर्चेला ठरल्या मापाचं बारीक भोक पाडायचं. ते खालच्या हाडात गेलं की रक्त येतं आणि जखम आपली आपणच भरू लागते. मग औषधाने भरली की तशीच, हे कोण सांगणार?

भोकं पाडणारे आम्ही दोघं, मी आणि मूळचे अकोल्याचे डॉक्टर ओंकार. ते माणसांच्या हाडांचे डॉक्टर. केंद्राच्या समितीने बजावलं होतं, दोघांची भोकं सारखी आली नाहीत तर शस्त्रक्रिया एकट्या ओंकारांनी करायच्या. म्हणजे शेळ्यांची डॉक्टर मी, आणि मी फक्त चारापाणी बघायचं. हे मला फार झोंबलं होतं.

एमआयडीसीतल्या श्रीमंत नावाच्या लेथवाल्यांकडून आम्ही दोन सारखी हत्यारं करून घेतली. धारदार तोंडाची नळी आणि तिच्याभोवती सपाट कडं. कडं टेकलं की नळी पुढे जात नाही. तरी भोकं जुळेनात.

"मॅडम, तुमचा हात जड आहे," ओंकार म्हणायचे.

"आणि तुमचा कापतो, डॉक्टर," मी म्हणायचे. आम्ही भांडतानाही अहो-जाहो सोडत नाही, त्यामुळे भांडण जास्त टिकतं.

शनिवारी खाटकाकडच्या ताज्या गुडघ्यांवर सराव केला. डावे गुडघे माझे, उजवे त्यांचे. सोमवारी ते समितीला दाखवायचे होते. केंद्रातला फ्रीज नेमका बंद पडला, म्हणून मी ते घरी आणले आणि आईला सांगायला विसरले.

"मला काय ठावं?" आई म्हणाली. "घरात मटन आलं, आन् पाळकसाहेब जेवायला येनार. म्हनलं, चला, लेकीला अक्कल आली."

ओंकारांना फोन केला. ते आले आणि पातेल्यात डोकावले. मग म्हणाले, "वास मात्र झकास सुटलाय." आईने त्यांचंही ताट वाढलं. पाळकसाहेबांनी अन्नासाठी देवाचे आभार मानले. मी काही मानले नाहीत.

रस्सा चांगला झाला होता, हे मला नाइलाजाने सांगावं लागतं. मी एक हाड चोखून ताटात ठेवलं आणि बघतच राहिले. शिजून कूर्चा सुटली होती, हाड उघडं पडलं होतं. त्यावर एका बाजूला नखाच्या कोरीएवढी खाच होती. भोक तिरपं गेलं होतं, एका कडेने थेट हाडात.

"डाव्या गुडघ्याचं," ओंकार हळूच म्हणाले. "जड हात."

मी त्यांच्याच ताटातलं एक उजवं हाड उचललं. तशीच खाच, फक्त उलट बाजूला. त्यांचा चेहरा बघून मला इतकं हसू आलं की ठसका लागला. पाळकसाहेबांनी आपलंही हाड पुढे केलं, आईने पातेल्यातली काढली. एकही भोक सरळ नव्हतं. गुडघा गोल, कडं सपाट, त्यामुळे ते डुगडुगत होतं. आम्ही मात्र खोली मोजत बसलो होतो, तीही एकाच जागी.

"तीन पाय," मी तोंडात घास असतानाच म्हणाले. चुलीला तीनच दगड मांडतात ते उगाच नाही. जमीन कशीही असली तरी तीन पाय डुगडुगत नाहीत. ओंकारांनी रश्शाच्या बोटाने ताटात तीन ठिपके काढले, आणि आमचं भांडण तिथेच मिटलं.

समितीकडून आम्ही थोडी मुदत मागून घेतली. श्रीमंतांनी सपाट कड्याच्या जागी तीन बारीक पाय बसवून दिले. बाजूवरून ओळखू येऊ नये म्हणून या वेळी सगळे डावेच गुडघे घेतले आणि दोघांनी निम्म्या-निम्म्यांना भोकं पाडली. समितीच्या मोनिकाताईंनी ते आमच्या पाठीमागे एकमेकांत मिसळले आणि भिंगाखाली धरून एकेक दाखवला.

"हे कुणाचं?"

"माझं," ओंकार म्हणाले.

"माझं," मी म्हणाले.

मोनिकाताईंनी पुढचा गुडघा ठेवला. पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. शेवटी त्या हसल्या. "शस्त्रक्रिया दोघांनी करायच्या," त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं माझा टाका कुठेही असो, मी लांबून ओळखते आणि त्याचा मला गर्व आहे. पण आपलं काम आपल्यालाच ओळखू येत नाही, याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

संध्याकाळी ते गुडघे मी आपणहून आईच्या हातात दिले. तिने पिशवी उघडून आत पाहिलं आणि संशयाने माझ्याकडे.

"ह्ये शिजवायचं हाय का न्हाई, आधी नीट सांग."

"शिजव," मी म्हणाले. "ओंकार येतायत जेवायला."