बदामची सत्ती आणि दश्शी

घरात रमीचे गुण मी लिहिते, म्हणून मला पुराव्यानिशी ठाऊक आहे: गेल्या वीस डावांपैकी सोळा धाकट्या बहिणीचे. "नशीबवान आहे पोरगी," बाबा म्हणतात. पोरगी तिशीची, मी पस्तिशीची. आणि कसलं डोंबलाचं नशीब! ती बाबांच्या पुढच्या खुर्चीत बसते, त्यांनी टाकलेलं पान उचलायचा पहिला हक्क तिचा, आणि बाबा स्वतःची जुळत आलेली पानं मोडून तिला हवं ते टाकतात.

आज मी ती खुर्ची आधीच अडवली. धाकटीने गाल फुगवले, तर मला काय बरं वाटलं!

बाबांनी बदामची नव्वी टाकली. मी झडप घालून उचलली. अठ्ठी हातात होतीच. आता बदामची सत्ती किंवा दश्शी, बावन्नातली दोनच पानं. पण पाळीमागून पाळी गेली, बाबा भलतंच टाकत राहिले. माझं सगळं लक्ष त्यांच्या हाताकडे, आणि मीच टाकलेल्या राजावर धाकटीने डाव लावला.

बाबांनी पानं उघडी केली. सत्ती आणि दश्शी, दोन्ही त्यांच्याकडे, कशालाच न जुळणारी. सतरा गुण फुकट अंगावर घेतलेले.

"ही का नाही टाकलीत?"

"टाकली असती तर तू जिंकली असतीस ना!" बाबा हसले. मग पानं गोळा करत धाकटीकडे वळले. "ये गं, बस आपल्या जागेवर."