वाचनाच्या खुर्चीचा जळफळाट

मित्रांनो, मी जुनी आहे, वेताची आहे आणि खरं सांगायचं तर भारी हेवेखोर आहे. कोपऱ्यावरच्या पुस्तकांच्या दुकानातली मी वाचनाची खुर्ची.

एका सुताराने माझा लाकडी सांगाडा केला आणि त्याच्या बायकोने माझी बैठक विणली. विणताना ती मधूनमधून बसून पाही आणि म्हणे, "अजून टोचतंय." टोचेनासं झालं तेव्हाच तिने मला विकू दिलं. दुकानाच्या मालकीणबाईंनी, म्हणजे ताईंनी, मला खिडकीशी मानाची जागा दिली. रविवारी संध्याकाळी रेडिओकाका माझ्यावर बसून गोष्टी वाचत. ते पूर्वी रेडिओवर बातम्या सांगत, म्हणून हे नाव. त्यांनी घसा खाकरला की दुकान चिडीचूप! वाचन संपलं की जवळच्या दवाखान्यातल्या नर्सबाई व्हायोलिन वाजवत. माझा तोरा काय वर्णावा!

मग ताईंच्या धाकट्या भावाने दुकानात कॉफी सुरू केली आणि ते यंत्र आणलं. चकचकीत, पितळी नळ्यांचं. धाकटा त्याला सारखा पुसायचा. माझ्यावर मात्र फडका फिरला तर फिरला. लोक दारातूनच म्हणत, "वा, काय वास सुटलाय!" माझ्या वेताचा वास कधी कुणी घेतला होता? वर ऐन रंगात आलेल्या गोष्टीत ते मेलं फुस्स करून वाफ सोडायचं. काका थांबायचे, लोक हसायचे. मी आतल्या आत कुरकुरायचे. वाटायचं, याचं तोंड एकदाचं बंद होऊ दे.

एका रविवारी झालंच तसं. दुकान भरलेलं आणि यंत्र बंद पडलं. धाकट्याने खाटखूट केली, फुंकर मारली, शेवटी हात टेकले.

"राहू दे रे," ताई म्हणाल्या. "आज नुसतं वाचन. तेवढीच शांतता."

आनंदाने माझी वीण उसवायचीच बाकी होती!

काका वाचू लागले. कुठे अडथळा नाही. पण माणसाची पाठ खुर्चीइतकी कुणाला कळते? त्यांची पाठ जोरजोराने वरखाली होऊ लागली. आवाज बारीक झाला. मग खोकल्याची अशी उबळ आली की पुस्तक मांडीवरून घसरलं. नर्सबाई पाणी घेऊन धावल्या.

"काका, दम लागतो तर सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर वाचू दिलं असतंत?" काका कसंबसं हसले. "ते यंत्र फुसफुसतं ना, तेवढ्यात मी श्वास घेऊन घेतो. कुणाला कळत नाही. आज ते बिचारं गप्प बसलं आणि मी उघडा पडलो."

त्यांची पाठ इतकी वर्षं माझ्याजवळ, आणि त्यांचा दम सांभाळत होतं ते यंत्र! खरं तर माझा हेवा तिथेच विरायला हवा होता. तो दुप्पट झाला.

"पान संपलं की थांबा," नर्सबाई म्हणाल्या. "मी थोडं वाजवते, मग पुढे वाचा." तशी ती गोष्ट पुरी झाली. लोकांना इतकी आवडली की आता दर रविवारी तसंच चालतं. यंत्रही दुरुस्त होऊन आलं. म्हणजे आता मला यंत्राचा आणि व्हायोलिनचा, दोघांचा हेवा करावा लागतो.

परवा ताई म्हणाल्या, "काका, तुमच्यासाठी गादीची मऊ खुर्ची आणू का?"

"नको गं. गादीत माणूस रुततो. हिला टेकलं की पाठ ताठ राहते, छाती मोकळी होते."

यंत्र तेव्हा नेमकं फुसफुसत होतं. त्याने हे ऐकलं की नाही, याची रुखरुख मला अजून आहे.

मित्रांनो, मत्सर माझा, तो मी सांभाळीन. तुम्ही एवढंच करा. तुमच्यासाठी वाचणारं माणूस मध्येच थांबलं, तर "मग पुढे काय?" म्हणून घाई करू नका. त्याला श्वास घेऊ द्या.