हूडवरची कागदाची पट्टी

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब. 'संशोधिकेचा निष्काळजीपणा.' अहवालाखाली तुमची सही. त्या खोलीत मी होतो. बावीस वर्षं तिथल्या बाटल्या धुतोय, आणि ती संशोधिका माझी धाकटी बहीण आहे.

तिचं काम मला तिनेच जेवताना शिकवलं. प्रथिनाचा लांब दोरा आकार धरून राहतो तो गंधकाच्या गाठींनी. पण यंत्राला गंधक नीट दिसत नाही. मग तिथे त्याचा भाऊ बसवायचा, सेलेनियम. तो ठळक दिसतो, गाठ कुठे आहे ते कळतं. "भाऊ दिसायला तसाच, दादा, पण अंगाने जाड आणि डोक्याने तापट," ती म्हणायची. "तुझ्यासारखा."

तापट असा, की द्रावणात आम्ल जास्त पडलं तर विषारी वायू सुटतो, सडक्या मुळ्याच्या वासाचा. म्हणून ते काम काचेच्या कपाटात, हूडमध्ये करायचं. वरचा पंखा हवा ओढून नेतो. आपला पंखा महिन्यातून दोनदा मान टाकायचा. मोटर घरघरत राहायची, पण पट्टा घसरायचा आणि पाती फिरायची नाहीत. म्हणून मी काचेच्या कडेला टिशूची पट्टी चिकटवली होती. पट्टी आत झुकली तर हवा ओढली जातेय. नुसती लोंबली तर हात बाहेर. सगळी प्रयोगशाळा त्या पट्टीवर चालायची.

गेल्या आठवड्यात सोमवारी तपासणीचे पाहुणे येणार होते. त्या सकाळी तुम्ही पट्टीकडे बोट केलंत. "ही चिंधी काढा. पाहुण्यांना काय वाळत घातलेली चड्डी दाखवायची?" सगळे हसले. मीही हसलो. आणि पट्टी मीच काढली. तेवढं पाप माझं, नाकारत नाही.

दुपारी तिने आम्ल घातलं. मुळ्याचा वास नाकात घुसला. मी धुण्याच्या टाकीपाशी होतो. ओरडलो, "बाहेर ये!"

"थांब रे, पंखा घरघरतोय ना! चार वाजता नमुना दाखवायचाय. नाही दाखवला तर साहेब मला कच्ची खातील."

मिनिटभराने ती हसली. "बघ, गेला वास. उगाच बोंब मारतोस."

खरंच गेला होता. मी खाली पाहिलं. माझ्या हातात गंधकाची बाटली होती, कुजक्या अंड्याची, जिच्यामुळे बायको मला दारातच कपडे बदलायला लावते. त्या बाटलीलाही वास येत नव्हता.

वास गेलाच नव्हता. आमची नाकं मेली होती.

खिशातला कागद फाडून मी काचेशी धरला. तो सरळ लोंबला. तिचं मनगट धरून ओढलं. "अरे, नमुना सांडेल!" ती ओरडत होती. बाहेर आली, खोकली, आणि मलाच 'भित्रा' म्हणाली. तुम्ही दारात येऊन एवढंच म्हणालात, "पाहुणे जाईपर्यंत गप्प बसा."

संध्याकाळी तिला श्वास घेता येईना. आज नववा दिवस, नळी अजून नाकात आहे. तुमचा अहवाल मान्य झाला की तिची नोकरी जाईल, आणि उपचारांची जबाबदारीही संस्था झटकेल.

अहवालात पंखा 'सुस्थितीत' आहे. पट्टीचं नावही नाही. साक्षीदार म्हणून उद्या अकरापर्यंत माझी सही हवी, असा निरोप आलाय.

येतो. कागदही आणतो. तुम्ही स्वतः हूडसमोर उभे राहा, तो काचेशी धरा, आणि माझ्या डोळ्यांत बघून सांगा: त्या सोमवारी हा पंखा हवा ओढत होता का? आणि पट्टी कोणी काढायला लावली? तोंडी नको. लिहून द्या.