आयडा आणि आयडा मे

आमच्या कॉरिगन खाडीत संध्याकाळच्या पहाऱ्याला बसायला कुणी तयार नसतं, म्हणून मी बसते. बचाव केंद्र म्हणजे धक्क्यावरची एक खोली, एक रेडिओ, कॉम्प्युटरचा एक पडदा आणि बिघडलेला हीटर. समुद्रात जाणाऱ्याने जाताना कळवायचं, परतल्यावर कळवायचं, आणि जो कळवणार नाही त्याला आम्ही हाका मारायच्या. पण अडुसष्टाव्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या जूनच्या, म्हणजे ऐन हिवाळ्याच्या गारठ्यात एवढंही जिवावर येतं, आणि ते मी येईल त्याला ऐकवते.

पूर्वी होडीवाले रेडिओवर बोलून कळवायचे. आता फोनवरचं बटण दाबतात. ते बटण टॅमसिनने केलं. ती मेलबर्नच्या कुठल्याशा कंपनीचं काम इथे घरी बसून करते आणि उरलेल्या वेळात आमचं फुकटात. तिच्या प्रोग्रॅमच्या भाषेचं नाव रस्ट, म्हणजे चक्क गंज. ते ऐकून धक्का खो खो हसला होता. "अगं बाई, आम्ही जन्मभर गंज खरवडतोय आणि तू तो आणून चोपडतेस?" पडदा आणि त्यावरची होड्यांची यादी मात्र जुनीच ठेवली, केंद्रातल्या जुन्या लिंडसेने सी नावाच्या जुन्या भाषेत लिहिलेली. लिंडसे वारला, त्याची यादी चालू आहे. मीही सिडनीत एका बँकेसाठी प्रोग्रॅम लिहिण्यात उमेदीची वर्षं घालवली, त्यामुळे दोघांच्या कामाला नावं ठेवायचा मला हक्क आहे.

त्या मंगळवारी दोनच होड्या बाहेर होत्या. आधी रॉस डॅलोची 'आयडा' गेली, मग त्याचा भाऊ क्लेम याची 'आयडा मे'. दोन्ही नावं एकाच आईची. तिची राख रॉसने क्लेमची वाट न बघता समुद्रात सोडली, तेव्हापासून भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. होडीचं नाव मात्र दोघांपैकी कुणी बदललं नाही.

पाच वाजता पडद्यावर 'आयडा मे' हिरवी होती, म्हणजे परतलेली. 'आयडा' अजून लाल. मी रेडिओ उचलला आणि नियमाप्रमाणे तीनदा हाक मारली, "आयडा, आयडा, आयडा." उत्तर नाही. मग रॉसच्या घरी फोन लावला, तर तो त्यानेच उचलला.

"कुठे आहेस तू?" मी विचारलं.

"घरचा फोन उचललाय, म्हणजे चंद्रावर असणार. मटणाचा चॉप परततोय, बोल लवकर."

"परतल्याचं कळवायचं असतं, रॉस."

"कळवलं की! धक्क्याला लागल्या लागल्या बटण दाबलं."

"दाबलं असतंस तर मी इथे घसा कशाला फोडला असता?"

"मग त्या पोरीच्या गंजाला विचार," म्हणून त्याने फोन आपटला.

म्हातारा विसरला, दुसरं काय. मी हाताने 'आयडा' हिरवी केली, यादी सगळी हिरवी झाली, आणि मी कोट चढवला. तेवढ्यात क्लेमची बायको मर्ल हिचा फोन आला.

"वर्ना, आमचं ध्यान आलंय का गं? फोन उचलत नाही."

पडद्याकडे बघत मी म्हटलं, "केव्हाच आलाय. पबात बसला असेल."

"बसू दे. येईल तेव्हा बघते त्याच्याकडे," ती म्हणाली. तिचा आवाज हलका झाला.

कुलूप लावून मी बाहेर आले. होड्या पाण्यात सोडायच्या उतारावर अंधार पडला होता. दिव्याखाली क्लेमची गाडी उभी होती, मागे होडीचा ट्रेलर जोडलेला. ट्रेलर रिकामा होता.

पबात माणूस जाईल, होडी कशी जाईल? तशीच मागे फिरले. आधी बचाव पथकाला उठवलं. पण ती माणसं ठिकठिकाणच्या घरांतून गोळा व्हायची होती, आणि रॉस धक्क्याच्या वरच राहतो. म्हणून त्यालाही फोन केला. वाटलं होतं, शिव्या देईल.

"कुठल्या बाजूला गेला होता?" त्याने एवढंच विचारलं.

"गल बेटाकडे."

फोनमध्ये तव्याचा आवाज बंद झाला. थोड्याच वेळात 'आयडा' पुन्हा खाडीबाहेर पडली. मी रेडिओवर 'आयडा मे' म्हणून हाका मारत राहिले, पण पलीकडून काही नाही. मर्लला फोन करायला हात धजेना. तरी केला. ती तशीच धक्क्यावर यायला निघाली.

टॅमसिनलाही बोलावलं होतं, ती स्लिपरवरच धावत आली आणि कॉम्प्युटरला बसली.

"फोनवरून फक्त 'आयडा' आलंय," ती म्हणाली. "हे बघ, लांबी तीन. रॉसने बटण दाबलं होतं. क्लेमकडून काहीच नाही."

"मग लिंडसेच्या यादीला तू दिलंस काय?"

"नाव. म्हणजे... नावाचा पॉइंटर."

"नुसता पत्ता?"

"त्याची यादी तेवढाच घेते."

"आणि लांबी?"

तिने ती ओळ पडद्यावर उघडली. मला कपाळाला हात लावायचाही कंटाळा आला होता. तिच्या भाषेत मजकूर मेमरीत कुठे आहे हे सांगणारा पॉइंटर एकटा फिरत नाही. पत्त्याबरोबर लांबीही बाळगतो: इथून सुरू, तीन अक्षरं, पुढे बघायचं नाही. लिंडसेच्या भाषेत पॉइंटरपाशी नुसता पत्ता. थांबायचं कुठे, तर मजकुराच्या शेवटी शून्य ठेवायचं आणि ते लागेपर्यंत वाचत जायचं, असा आमचा रिवाज. टॅमसिनला त्या शून्याची कधी गरजच पडली नव्हती, म्हणून तिने ते ठेवलं नाही. सकाळी क्लेम निघाला तेव्हा मेमरीतल्या नावाच्या जागी 'आयडा मे' लिहिलं गेलं. दुपारी रॉस परतला तेव्हा त्यावरच 'आयडा' लिहिलं गेलं, आणि मागचं 'मे' तसंच पडून राहिलं. पत्ता यादीकडे गेला, लांबी अलीकडे राहिली. यादी शिस्तीत 'मे'पर्यंत वाचत गेली आणि रॉस घरी आल्यावर तिने क्लेमला घरी आणलं.

"या ओळीवर मी 'असुरक्षित' लिहिलंय," टॅमसिन पुटपुटली. "त्याशिवाय ही भाषा पलीकडे काही देऊच देत नाही. तिने मला थांबवलं होतं, वर्ना. पण तो शब्द मी रोज इतक्यांदा लिहिते..."

ती रडायला लागली. तिला झापायचं त्राण माझ्यात नव्हतं, आणि तोंडही नव्हतं. पबात असेल, हे कुठल्या पॉइंटरने नव्हतं सांगितलं. रॉस खरं बोलत होता, आणि माणसापेक्षा मी पडद्यावर विश्वास ठेवला.

"सापडला," रेडिओवर रॉसचा आवाज आला. "जिवंत आहे. मर्लला सांग."

'आयडा मे' बेटाच्या आडोशाला खडकावर आपटून अर्धी बुडाली होती. रॉसने क्लेमला स्वतःच्या कोटात गुंडाळून आणलं. धक्क्यावर मर्लने त्याला घट्ट धरलं. ॲम्ब्युलन्सवाले ब्लँकेट घालत होते, आणि रॉस बाजूला उभा राहून ओल्या दोरीची गाठ उगाचच सोडवत होता.

मी जवळ गेले.

"पाच वाजता तुझा आवाज ऐकला मी," क्लेम म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "हातातला छोटा रेडिओ होता. बोललेलं पोचत नव्हतं, पण ऐकू येत होतं. तू आयडा म्हणालीस. म्हटलं, आता पुढे मे म्हणशील."

"क्लेम..."

"तीनदा वाट बघितली गं. तिन्ही वेळा तू तिथेच थांबलीस."