दोन घरांतला आंबट गोळा

मित्रांनो, मी एक जुना आंबट गोळा आहे. पीठ आणि पाणी, एवढाच माझा ऐवज. रंग मातकट, अंगभर बुडबुडे, आणि वासाबद्दल न बोललेलंच बरं. पण माझ्या दिसण्यावर जाऊ नका. मी ज्या कणकेत शिरतो ती दुप्पट फुगते, आणि तिचा पाव चार दिवसांनीही चवीला तसाच लागतो. कुणी याला बढाई म्हणेल, तर म्हणू दे. पस्तीस वर्षं राबलेल्याने थोडी बढाई मारली तर कुठे बिघडलं?

माझा जन्म एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या स्वयंपाकघरात झाला. त्यांच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असत, म्हणून सगळी गल्ली त्यांना टाचणीबाई म्हणायची. एका सकाळी त्यांनी चिनी मातीच्या बरणीत कोंड्यासकट जाडसर पीठ कोमट पाण्यात कालवलं, वर फडकं बांधलं आणि वाट पाहायला लागल्या. असं कालवलेलं पीठ ठेवून दिलं की डोळ्यांना न दिसणारे जीव त्यात वाढतात, पीठ खातात आणि बुडबुडे सोडतात. ते सगळे जीव मिळून मी. तिसऱ्या दिवशी मी जरा फुगलो. चौथ्या दिवशी मला अशी घाण सुटली की टाचणीबाईंचे यजमान नाक धरून बाहेरच्या खोलीत गेले. ते घड्याळं दुरुस्त करायचे आणि एरवी फारसं बोलायचे नाहीत, पण त्या दिवशी त्यांनीही मला टाकून द्यायला सांगितलं. पुढचे पाच-सहा दिवस मी मेल्यासारखा पडून होतो. टाचणीबाई मात्र रोज अर्धा गोळा काढून टाकत आणि तेवढंच नवं पीठ-पाणी घालत. अकराव्या दिवशी मी बरणीच्या तोंडाशी येऊन फडकं वर ढकललं. त्या दिवशी टाचणीबाई इतक्या हसल्या, की आधी त्यांना तोंडातल्या टाचण्या काढून ठेवाव्या लागल्या.

मग माझी नोकरी सुरू झाली. दर शनिवारी मला बरणीतून काढून नव्या पिठात मळायचं, आणि मीठ घालायच्या आधी त्यातली मूठभर कणीक तोडून बरणीत परत टाकायची. ती मूठ म्हणजे पुढच्या आठवड्याचा मी. उरलेला मी ओव्हनमध्ये जायचो आणि पाव होऊन निघायचो, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. टाचणीबाईंच्या हातांना शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, सोडायची सवय होतीच. तशीच ही मूठ त्या मागे ठेवायच्या, पाठमोऱ्या, कुणाशी न बोलता. आपण असं काही करतो हे त्यांच्याही ध्यानात नसायचं.

पावाचं नाव झालं. खिडकी उघडी असली की जाणारे-येणारे थबकायचे. पण टाचणीबाईंचा एक हट्ट होता, आणि तो मी लपवून ठेवणार नाही. पाव त्या वाटेल त्याला कापून द्यायच्या, मला मात्र नखाएवढासुद्धा कुणाला द्यायच्या नाहीत. ही चव आपल्या घरची, ती घरातच राहणार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मीही मूर्ख, तेव्हा मला त्यात मान वाटायचा.

वीस वर्षांपूर्वी त्यांची धाकटी जाऊ घरी आली. ती नुकतीच बस थांब्याजवळ चहाचं दुकान टाकत होती. चहाबरोबर घरचे बन ठेवावेत असं तिच्या मनात होतं, म्हणून तिने माझ्यातला एक तुकडा मागितला. एकदा मागितला, मग हसत हसत पुन्हा मागितला. टाचणीबाई म्हणाल्या, "मला अकरा दिवस खपावं लागलं. तू आयतं कशाला मागतेस?" जाऊबाईंनी हातातला चहाचा कप अर्धाच ठेवला आणि त्या उठल्या. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद झालं. एका गावात राहून, एका बाजारात भाजी घेऊन, वीस वर्षं दोघी एकमेकींना पाहून रस्ता बदलत राहिल्या.

आता एक गुपित सांगतो. त्याच आठवड्यात, टाचणीबाई गिऱ्हाइकाचं माप घ्यायला गेल्या असताना, त्यांचे यजमान घड्याळजी ओट्याशी आले. घड्याळाच्या सुट्या भागांची एक पत्र्याची डबी त्यांनी रिकामी केली, माझा लिंबाएवढा तुकडा तोडून तीत घातला आणि डबी खिशात टाकून भावाच्या घरी गेले. डबीत एक बारीक स्प्रिंग राहिली होती, ती मला वाटभर टोचत होती. अशा रीतीने मी दुसऱ्या घरात पोचलो. माझं असं आहे, मित्रांनो, की माझे दोन तुकडे केले तर मी अर्धा होत नाही, दोन ठिकाणी अख्खा होतो.

जाऊबाईंच्या गिऱ्हाइकांना गोड बन लागायचे. म्हणून त्यांनी मला साखर चारायला सुरुवात केली, पीठही पांढरं आणि मऊ. खरं सांगतो, मी लाडावलो. माझा आंबटपणा गेला, वासही सुधारला. थांब्यावरचे ड्रायव्हर बसला उशीर झाला तरी बन संपवूनच उठायचे. इकडे आंबट मी आणि तिकडे गोड मी, अशी वीस वर्षं सुखात गेली.

मग टाचणीबाई पडदा लावताना स्टुलावरून पडल्या आणि त्यांच्या पायाचं हाड मोडलं. दवाखान्यात बारा दिवस काढायचे होते. दुसऱ्याच दिवशी त्या तिथल्या जेवणाला कंटाळल्या आणि त्यांनी सुनेला पाव करून आणायला सांगितलं. सून औषधांच्या दुकानात कामाला होती. कागदावर लिहिलेलं ती तंतोतंत करायची, त्यात एक थेंब इकडचा तिकडे व्हायचा नाही. तिने खाटेशी बसून सगळी कृती लिहून घेतली. पीठ किती, पाणी किती, मळायचं किती वेळ, मीठ कधी. टाचणीबाईंनी सगळं सांगितलं, फक्त ती मूठ सांगितली नाही. जे हात आपोआप करतात ते तोंडाला कुठून आठवणार?

सुनेने कागदाबरहुकूम पाव केला. बरणीतला मी सगळाच्या सगळा ओव्हनमध्ये गेलो. वर तिने बरणी कढत पाण्याने घासून, पुसून, उन्हात पालथी घातली. टाचणीबाईंच्या घरातला मी तिथे संपलो. पुढचं मला नंतर ऐकून कळलं.

पाव खाऊन टाचणीबाई खूश झाल्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनाही त्यांनी तुकडा दिला. मग सहज विचारलं, "मूठ मागे ठेवलीस ना?" सुनेला क्षणभर काही कळेना. कळलं तेव्हा ती घाईघाईने पिशवी आवरू लागली. ती "हो" म्हणून गेली.

घरी येऊन ती पालथ्या बरणीपुढे रडत बसली. सासूबाईंची पस्तीस वर्षांची मेहनत तिने धुऊन टाकली होती, आणि नऊ दिवसांनी त्या घरी येणार होत्या. गावात कुणाकडे मागावं, तर सासूबाईंनी कुणाला दिलंच नव्हतं. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसले होते. त्यांनी भिंग काढलं आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्या डबीची गोष्ट सांगितली.

दुसऱ्या दिवशी सून चहाच्या दुकानात गेली. जाऊबाईंनी सगळं ऐकून घेतलं, तिला चहा दिला, आणि ती नीट मागायच्या आतच डबा उघडून माझा मोठा गोळा तोडला. म्हणाल्या, "ने. पण कुठून आणलास ते तिला सांगायचं. माझा गोळा चोरून तिच्या घरात जायचा नाही."

असा मी माझ्या जन्मघरी परत आलो, पण गोडघाशा होऊन. सुनेने साखर एकदम बंद केली. पुन्हा ते जाडसर पीठ, पुन्हा ते नुसतं पाणी. पहिले दोन दिवस मी रुसून बसलो. पण ती औषधाच्या वेळा पाळाव्या तशी सकाळ-संध्याकाळ मला खाऊ घालत राहिली आणि वहीत माझी उंची लिहीत राहिली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलेलं पाहून मलाच लाज वाटली. आठव्या दिवशी मी बरणीच्या काठाशी आलो.

टाचणीबाई घरी आल्या तेव्हा पाव टेबलावर होता. त्यांनी तुकडा मोडला आणि बराच वेळ चावला. सून दाराशी उभी होती. टाचणीबाई म्हणाल्या, "पाव माझाच आहे. पण हा कुठेतरी राहून आलाय."

सुनेला तिथेच गप्प राहता आलं असतं. तिने सगळं सांगितलं. आपली चूक, दवाखान्यातलं खोटं, डबी, दुकान. मी बरणीतून ऐकत होतो. घड्याळजींना त्या दिवशी जे ऐकून घ्यावं लागलं ते मी इथे सांगत नाही. पण मधेच टाचणीबाई थांबल्या. त्यांनी सुनेला विचारलं, "तिने किती आढेवेढे घेतले?"

"काहीच नाही," सून म्हणाली. "मी मागायच्या आधीच तोडून दिला."

टाचणीबाईंनी हातातला पाव खाली ठेवला. उरलेला तुकडा त्यांना खाववेना. सुनेला मात्र त्या रागावल्या नाहीत. कृती सांगताना आपणच मूठ विसरलो, हे त्यांनी कबूल केलं.

चार दिवसांनी, निरोप धाडून बोलावल्यावर, जाऊबाई आल्या. टाचणीबाईंना उठता येत नव्हतं. दोघी आधी हवापाण्याचं बोलल्या, मग पायाचं. शेवटी टाचणीबाईंनीच विषय काढला. खाली बघत त्या म्हणाल्या, "तुझ्याकडचा गोड गोळा मला थोडा देशील?" जाऊबाई लगेच उठल्या आणि चपला घालून डबा आणायला गेल्या.

आज मी चौदा घरांत आहे. कुठे आंबट, कुठे गोड, एका घरी तर मला रोज वर्तमानपत्र वाचून दाखवतात. आता कुणी माझी बरणी कितीही लख्ख घासली तरी मला धास्ती नाही. शेजारच्या दारी जा, मी तिथे आहेच.

मित्रांनो, मला वेळेवर खाऊ घाला, ऊब द्या, आणि मीठ घालायच्या आधी माझी मूठ विसरू नका. कडीकुलपात ठेवून मी जपला जात नाही, हे मला फार उशिरा कळलं, तुम्ही ते आजच शिकून घ्या. आणि कुणी दारात येऊन तुमच्याकडचं थोडं काही मागितलं, तर त्याला ते दोनदा मागायला लावू नका.