लॉ कॉलेजातला पिंजरा

माझ्यात उभं राहून आजवर पुष्कळ माणसं बोलली. आता जरा मला बोलू द्या. मी साक्षीदाराचा पिंजरा. गजांचा नव्हे हो. कमरेइतका उंच लाकडी कठडा, तीन बाजू बंद, चौथीकडून आत यायला एक पायरी. माणसाला चारचौघांसमोर उभं करायचं आणि खरं बोलायला लावायचं, एवढंच माझं काम.

मला घडवलं एका तिरसट सुताराने. वरची पट्टी त्याने मुद्दाम रुंद ठेवली. म्हणाला, "खोटं बोलणाऱ्याला धरायला काहीतरी लागतं." तो चुकला. माझी पट्टी घट्ट धरतात ती खरं बोलणारी माणसं. खोटं बोलणारे हात खिशात घालून निवांत उभे असतात.

माझं अर्धं आयुष्य खऱ्याखुऱ्या कोर्टात गेलं. तिथेही लोक खोटं बोलत, शपथ घेऊन बोलत. पण समोर उलटतपासणीला एक माणूस उभा असे. त्याच्या प्रश्नांनी भल्याभल्यांना घाम फुटे, आणि तो घाम माझ्या लाकडात मुरे. खोट्याला निदान भीती होती.

मग कोर्ट नव्या इमारतीत गेलं. तिथे काचेचे गुळगुळीत पिंजरे आले आणि मी मोडीत निघालो. मला उचललं ते एका लॉ कॉलेजच्या संस्थापकाने. मुलं मात्र त्याला मालक म्हणत. बरोबरच होतं. त्याआधी त्याचा फरशांचा धंदा होता, आणि माणसाकडे बघायची त्याची नजर अजून तीच होती: जागा किती व्यापणार आणि बसवायचं कुठे.

मला बघून तो प्राचार्यांना म्हणाला, "कोर्ट दिसलं पाहिजे. दिसलं की झालं."

झालं. मुलांनी खटल्यांचा सराव करायच्या एका खोलीत मला ठेवलं, समोर न्यायाधीशाची उंच खुर्ची, मध्ये टेबल, दारावर 'अभिरूप न्यायालय' अशी चकचकीत पाटी, आणि पाटीखाली तेवढंच चकचकीत कुलूप. नव्या माहितीपुस्तकासाठी फोटो काढायचे असले की ते उघडे. एरवी माझ्या पोटात मोडके पंखे आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

खोलीच्या भिंती पातळ होत्या. एका बाजूला प्रवेशाची खोली. 'प्रवेश केवळ गुणवत्तेवर' असं तिच्या दारावर लिहिलेलं. मुलाखतही होई. मालक विचारी, "वकील का व्हायचंय?" मुलगा तोंड उघडतोय तोच शेजारचा कारकून म्हणे, "अभिनंदन!" गुणवत्ता यादीतला पहिला आणि शेवटचा यांच्यात फरक एवढाच, की पहिला रांगेत आधी उभा होता.

दुसऱ्या बाजूला वर्ग. तिथे एक सर गाइड उघडत, वाचत आणि मिटत. मुलांच्या हातातही तेच गाइड. एकदा दोन पानं चिकटून उलटली आणि सर घरभाड्याच्या कायद्यातून थेट वारसाहक्कात शिरले. ना त्यांच्या लक्षात आलं, ना मुलांच्या. हे निदान येत तरी होते. पुराव्याचा कायदा शिकवणाऱ्या सरांचा तर पुरावाच नव्हता. वेळापत्रकात त्यांचं नाव होतं, भिंतीवर फोटो होता, वर्गात मात्र ते कोणी पाहिले नव्हते.

अशा या विद्यामंदिरात काकू आली.

चाळिशी ओलांडलेली बाई, केस घट्ट बांधलेले, चालणं जरा घाईचं. सगळा वर्ग तिला काकूच म्हणे. तिने शिपायाला पटवलं, मधल्या सुट्टीत कुलूप उघडायला लावलं, पदर खोचला आणि माझ्या पोटातले पंखे स्वतः बाहेर काढले. चार-पाच मुलंमुली कुतूहलाने मागोमाग आली.

"काकू, तुम्हाला या वयात हे काय सुचलं?" एकीने विचारलं.

काकूने फडकं झटकलं. "माझ्या भावाला ट्रकने उडवलं. मी डोळ्यांनी पाहिलेलं. कोर्टात साक्षीला उभी राहिले, तर समोरच्या वकिलाने मला असं काही घोळात घेतलं, की शेवटी मी रस्त्यावर होते की नव्हते हेच मला सांगता येईना. त्याचा राग नाही गं. त्याचं कामच ते. पण आमचा वकील? तो शेजारी बसून पेन्सिलीला टोक करत होता. एकदा उठला नाही, एक हरकत घेतली नाही. केस गेली. नंतर कळलं, त्याला हरकत कधी घ्यायची हेच माहीत नव्हतं."

ती माझ्यात नव्हे, दुसऱ्याच कोर्टात उभी राहिली होती. पण तसल्या पेन्सिलवाल्यांना मी चांगला ओळखत होतो. ते कुठल्या कारखान्यात तयार होतात, ते मला या खोलीत आल्यावर कळलं.

त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत खरोखरीचं कोर्ट भरू लागलं. काकू पुस्तकं आणी, रात्री वाचलेलं दुपारी समजावून सांगे. कोणी वकील होई, कोणी आरोपी, साक्षीदार बहुतेक काकूच. चुकलं की ती म्हणे, "हरकत घे की रे! मी तुझ्या अशिलाचं वाटोळं करतेय आणि तू दात काढतोस?" मुलं हसत आणि शिकत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, आपण फर्निचर नाही.

मग बातमी आली: मूल्यमापन समिती येणार. कॉलेजात प्रवेश कसे होतात, शिकवतात काय, शिकून गेलेल्यांचं पुढे काय होतं, हे तपासून ती श्रेणी देणार. श्रेणी चांगली मिळाली तर जागा वाढणार, वाईट मिळाली तर मान्यताच धोक्यात.

अहाहा, काय धांदल उडाली! कधी न दिसलेल्या ग्रंथालयात कोऱ्या पुस्तकांच्या रांगा लागल्या. पुस्तकं भाड्याची होती, पानं एकमेकांना चिकटलेली. भिंतीवर 'आमचे यशस्वी माजी विद्यार्थी' असा फलक चढला. त्यातला 'उद्योगक्षेत्रातील कायदा सल्लागार' मालकाच्याच दुकानात फरशा दाखवत असे. 'नामांकित वकील' कोर्टाबाहेर छत्रीखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देई. त्याला त्या दिवसापुरता काळा कोट चढवून आणला. कोट बाह्यांत तोकडा होता. तो बिचारा सारखा मनगटं लपवत होता. त्याला हसावं की रडावं, मला कळेना. शिकायला तोही इथेच आला होता.

प्राचार्यांनी मुलांना उत्तरं पाठ करायला दिली आणि माझ्या खोलीत नाटक बसवलं. वकील कोण? मालकाचा भाचा. त्याला सगळे भाचेबुवा म्हणत; कॉलेजात तो पाहुण्यासारखाच उगवे. साक्षीदार काकू.

प्राचार्य तिला म्हणाले, "काकू, लिहून दिलंय तेवढंच बोलायचं. तुमचं शेवटचं वर्ष आहे. कॉलेजची मान्यता गेली तर तुमचीही सगळी वर्षं पाण्यात जातील, हे ध्यानात ठेवा."

काकूने कागदाची घडी घातली आणि पिशवीत टाकली.

समिती आली. तिघं जण. एक जाडजूड प्राध्यापक, त्यांचं सगळं लक्ष जेवण कधी आहे याकडे. एक तरुण अधिकारी, तो मांडीवरच्या यंत्रात नुसत्या खुणा करत होता. आणि अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीशबाई, बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या. त्या आत आल्या आणि थेट माझ्यापाशी येऊन त्यांनी वरच्या पट्टीवरून बोट फिरवलं. पट्टीवर धूळ नव्हती. त्यांनी भुवई उंचावली.

तरुण अधिकाऱ्याने विचारलं, "शिकून गेलेल्या किती मुलांना काम मिळालं?"

"शंभर टक्के!" प्राचार्य म्हणाले. त्यांचे दोन्ही हात खिशात होते.

नाटक सुरू झालं. काकू माझ्यात येऊन उभी राहिली. भाचेबुवांनी कोट सावरला, कागदात बघितलं आणि दणक्यात विचारलं, "त्या दुपारी तुम्ही आरोपीला दुकानातून पळताना पाहिलंत, हो ना?"

"थांबा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "हा साक्षीदार कोणाच्या बाजूचा?"

"आमच्याच, मॅडम."

"मग उत्तर तुम्हीच तिच्या तोंडात का घालताय? स्वतःच्या साक्षीदाराला असा सूचक प्रश्न विचारता येतो का?"

भाचेबुवांनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. "मॅडम, मला एवढंच पाठ करायला सांगितलंय."

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. प्राचार्य पुढे सरसावले. "मुलगा घाबरलाय, मॅडम. शिकवलंय सगळं."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्या काकूकडे वळल्या. "तुम्ही सांगा. पुराव्याचा कायदा तुम्हाला कोण शिकवतं?"

पाठ केलेलं उत्तर सोपं होतं: 'आमचे सर नियमित तास घेतात.' काकूच्या जिभेवर ते असणारच. समोर मालक डोळे वटारून बसलेला. भिंतीला टेकून तिचे मधल्या सुट्टीतले सवंगडी उभे, त्यांचीही शेवटची परीक्षा तोंडावर. तिच्या एका वाक्याने तिचंच घर जळणार होतं, आणि सोबत त्यांचंही.

तिने माझी पट्टी धरली. अशी घट्ट, की माझं जुनं लाकूड करकरलं.

"मॅडम, हे नाटकातलं विचारताय का खरं?"

"खरं."

"मग कोणी शिकवत नाही. ज्यांचा फोटो आहे त्यांना आम्ही पाहिलेलं नाही. आम्ही काही जण इथे मधल्या सुट्टीत एकमेकांना शिकवतो, तेवढंच. ग्रंथालयातली पुस्तकं कालच आली. मान्यता गेली तर माझं नुकसान होईल, मला समजतंय. पण न शिकता वकील झाले, तर नुकसान माझ्या अशिलाचं होईल, आणि त्याला ते समजणारसुद्धा नाही."

जाडजूड प्राध्यापक घसा खाकरून म्हणाले, "जेवून घ्यायचं का?"

तुम्हाला वाटेल, आता कॉलेजला कुलूप लागलं असेल. मलाही वाटलं होतं. इतकी वर्षं कोर्टात काढूनही मी भाबडाच. समितीत दोन विरुद्ध एक झालं. श्रेणी मिळाली 'उत्तम'. न्यायाधीशबाईंचं वेगळं मत अहवालाच्या अगदी शेवटी जोडलं गेलं, जिथे वाचणाऱ्याचा हात पोचत नाही. अहवालात माझं खास कौतुक होतं: 'सुसज्ज अभिरूप न्यायालय.'

आणि काकू? तिला तोंडी परीक्षेत नापास केलं! साऱ्या कॉलेजात जी एकटी तोंड उघडून बोलली, तिला तोंडी परीक्षेत नापास. परीक्षक प्राचार्य.

निकालाच्या दिवशी ती पुस्तकं न्यायला खोलीत आली. सोबत तिचा नवरा होता, चष्म्याच्या दुकानातून तसाच उठून आलेला.

"बोलायला नको होतं का हो मी?" तिने विचारलं.

"बोललीस ते बोललीस," तो पुस्तकं पिशवीत भरत म्हणाला. "पण आता गप्प बसलीस तर मात्र मी तुला दुकानात काउंटरवर बसवीन."

ती हसली. डोळे पुसत हसली.

पुढचं मला शिपायाकडून कळलं. काकूने विद्यापीठाकडे दाद मागितली. वकील लावला नाही. स्वतःची बाजू स्वतः मांडली. प्राचार्यांना समोर बसवून इतके साधे, सरळ प्रश्न विचारले, की त्यांना हात खिशातून बाहेर काढावे लागले. विद्यापीठाने तिची तोंडी परीक्षा दुसऱ्या कॉलेजात पुन्हा घ्यायला लावली. तिथे ती पास झाली. आता ती खऱ्या कोर्टात उभी राहते आणि योग्य वेळी हरकत घेते. तिच्या सवंगड्यांतली दोन मुलं तिच्या हाताखाली काम करतात.

भाचेबुवा विशेष गुणवत्तेसह उत्तीर्ण झाले. सध्या ते याच कॉलेजात नोकरीला आहेत. पुराव्याचा कायदा शिकवतात.

मला आता खोलीतून काढून पुढच्या दाराशी मांडलंय. जागा वाढल्या आहेत, प्रवेश सुरू आहेत. पोरांना भाड्याचा काळा कोट घालून माझ्यात उभं करतात आणि आईबाप कौतुकाने फोटो काढतात. अहो, वकील पिंजऱ्यात उभा राहत नाही, पिंजऱ्यासमोर उभा राहतो! पण हे सांगणारा एकही माणूस या इमारतीत उरलेला नाही, आणि माझं लाकूड तेवढ्या मोठ्याने बोलत नाही.

म्हणून तुम्हालाच हात जोडून सांगतो. तुमच्या लेकराला घेऊन इथे आलात, तर श्रेणीचा फलक वाचू नका. माझ्या फोटोवर भुलू नका. लेकराला बाहेर उभं करा आणि प्राचार्यांना बोलवा. म्हणावं, "साहेब, जरा या पिंजऱ्यात या. आम्हाला चार प्रश्न विचारायचेत."