रक्त थांबवायच्या गोळ्या

"एकदा रक्ताची तपासणी करून घे. दात काढल्यावर कुणी दोन दिवस रक्त थुंकत नाही," कॉलेज रोडच्या दातांच्या डॉक्टर मला म्हणाल्या होत्या. मी तेव्हा एस. वाय.ला होते. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "आपल्यातल्या बायांचं रक्त जास्तच जातं." विषय संपला. पाळीचे आठ दिवस ओढणी कमरेला गुंडाळून कॉलेजला जाणं मला नेहमीचंच वाटायचं.

लग्नानंतर, गरोदरपणाच्या सहाव्या महिन्यात नाकातून रक्त आलं, तेव्हा कुठे मी ती दाताची गोष्ट बाळंतपणाच्या डॉक्टर मॅडमना सांगितली. तपासण्या झाल्या आणि नाव कळलं: व्हॉन विलेब्रँड. रक्त गोठवणारं एक प्रथिन जन्मतःच कमी, बहुधा आईकडून आलेलं. मॅडमनी फाइलवर लाल पेनानं लिहिलं आणि मला नि माझ्या नवऱ्याला, धम्मपालला, समोर बसवलं. "पोटुशी असताना हे प्रथिन वाढतं, म्हणून बाळंतपण बहुधा नीट होईल. नंतर ते उतरतं. खरी काळजी घरी गेल्यावर. या गोळ्या मी सांगेपर्यंत बंद करायच्या नाहीत."

बाळंतपण नाशकातच, नीट झालं. मुलगी. पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही याची आईला चुटपुट होती, म्हणून सहाव्या दिवशी ती मला सिन्नरला घेऊन गेली.

"कशाच्या गं या गोळ्या?"

"रक्त कमी जावं म्हणून."

"बाळंतिणीचं रक्त थांबवत्यात का कुठं? घाण हाये ती. आत राहिली तर जन्मभर कंबर धरून बसशील."

"आई, मॅडमनी सांगितलंय..."

"तुझ्या मॅडमला पोरं किती?"

मी हसले. हसले आणि गोळी घेतली नाही. बी.एस्सी. झालेली बाई मी! टाके दुखत होते, वाद घालायचं बळ नव्हतं, हे खरं. पण तिचं म्हणणं कुठेतरी पटलंही होतं.

दहाव्या दिवशी सकाळी शेजारपाजारच्या बायका बाळ बघायला आल्या. "नाक बापाचं हाय," साळूमावशी म्हणाल्या. बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होतं आणि मी तासाभरात दुसऱ्यांदा पॅड बदलत होते. लिंबाएवढी गाठ पडली. कानात सूं सूं व्हायला लागलं. भिंत धरत बाहेर आले आणि आईला हळूच सांगितलं.

"चांगलंय की. मोकळी होतीस," ती म्हणाली. "धाकट्या संजनाच्या वेळी मला सव्वा महिना असंच जायचं. उठलं की अंधारी. तुझी आजी म्हणायची, नशिबाची हाय, सगळं निघालं..."

बोलता बोलता ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

"तेजल, तुझे ओठ पांढरे पडलेत."

मग तिनेच विचारलं, "ती फाइल कुठंय?"

साळूमावशींच्या मुलाच्या गाडीतून नाशिकला येईपर्यंत आईने फाइल छातीशी धरली होती. दवाखान्यात कुणी काही विचारायच्या आत तिने लाल अक्षरांवर बोट ठेवलं. "आधी हे वाचा. आणि गोळ्या मी बंद केल्यात, हे पण लिहा." प्रथिनाचं इंजेक्शन शिरेतून दिलं, रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या. संध्याकाळी रक्त आटोक्यात आलं.

पुढच्या महिन्यात आईची तपासणी केली. तिलाही तेच निघालं. रिपोर्ट तिने हातात धरला. "म्हंजे मला नशिबाची म्हणत होते, तेव्हा मी..." दुसऱ्या दिवशी तोच रिपोर्ट घेऊन ती विंचूरला संजनाकडे गेली. माझी ही धाकटी बहीण सध्या पाच महिन्यांची गरोदर आहे, आणि "ताई, मला कुठे काय होतं?" हे तिचं पालुपद आहे.

मला अजून ती दहाव्या दिवसाची सकाळ आठवते. घरात सहा बायका होत्या. सगळ्यांनी बाळाचं नाक पाहिलं. तुमच्या ओळखीत कुणी नुकतीच बाळंत झाली असेल, तर दहाव्या दिवसाच्या सुमाराला एक चक्कर मारा. बाळाला नंतर घ्या. आधी तिला बाजूला नेऊन विचारा, किती जातंय. आणि तिचे ओठ बघा.